बुसियाच्या दोन बहिणी

युगांडा आणि केनिया यांच्या सीमेवर बुसिया नावाचं गाव आहे. नाव एकच, पण अर्धं गाव या देशात आणि अर्धं त्या देशात. आजूबाजूच्या खेड्यांत सामिया लोकांची वस्ती आहे आणि त्यांचीही घरं अशीच दोन्हीकडे वाटली गेली आहेत. सीमेची रेघ इंग्रजांच्या अमदानीत कागदावर ओढली गेली. कुणाची लेक कुठे दिली आहे, कुणाचं शेत कुठवर जातं, हे त्या कागदावर नव्हतं.

अशा एका सामिया घरात दोन बहिणी होत्या. थोरली युगांडाच्या बाजूला दिलेली, धाकटी केनियाच्या. थोरलीच्या सासरी थोडी शेती होती. तिकडे वर्षातून दोनदा पाऊस येतो, त्यामुळे मक्याची पिकंही दोन. धाकटीचं केनियाच्या बाजूच्या बाजारात छोटं दुकान होतं. ती मका विकायची आणि मक्याचं पीठही. केनियात मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला उगाली हे रोजचं जेवण. भाजी असो नसो, उगाली हवाच. तिथे मका पिकतो त्याहून जास्त लागतो. युगांडात हिरव्या केळ्यांचं मटोके खाणारी मंडळी पुष्कळ, म्हणून मका उरतो. उरलेला मका पूर्वेला जाणार, हे कुणी ठरवायची गरजच नव्हती.

पहिली अडचण आली ती मापाची. थोरली भरायची ते पोतं 100 किलोचं, आणि धाकटीच्या बाजारात पोतं म्हणजे 90 किलो. किरकोळ विक्री मात्र दोन किलोच्या पत्र्याच्या डब्याने व्हायची. या डब्याला केनियात गोरोगोरो म्हणतात. दोघींकडे एकेक डबा होता. पहिल्याच हंगामात धाकटीने ताईचा डबा शिगोशीग भरून आपल्या डब्यात ओतला, तर वर बोटभर जागा रिकामी राहिली. ताईच्या डब्याचा तळ पोचा येऊन आत गेला होता. रागवारागवी झाली नाही. तो डबा कोंबड्यांना पाणी ठेवायला गेला आणि थोरलीने दुसरा आणला, धाकटीच्या डब्याशी मापून.

बहिणीबहिणींत जे घटकाभरात झालं, ते सरकारांमध्ये व्हायला किती वर्षं लागली पाहा. पूर्व आफ्रिकेतल्या देशांचा पहिला संघ 1977 मध्ये मोडला. 30 नोव्हेंबर 1999 रोजी टांझानियातल्या आरुशा शहरात केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी पुन्हा करार केला. 2005 मध्ये सीमाशुल्क संघ झाला आणि युगांडाचा मका केनियात बिनजकात जाऊ लागला. 2006 मध्ये मानकांचा कायदा झाला. एका देशाच्या मानकसंस्थेचा शिक्का दुसऱ्याने मानायचा, असं त्यात ठरलं. मक्यालाही एकच मानक आलं. ओलावा 13.5 टक्क्यांहून जास्त नको, आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष किलोमागे 10 मायक्रोग्रॅमच्या वर नको. कंपालातही हेच आकडे, नैरोबीतही हेच. मग 2018 च्या फेब्रुवारीत बुसियाच्या नव्या नाक्याचं उद्घाटन झालं, दोन्ही देशांचे राष्ट्राध्यक्ष आले. दोन्हीकडचे अधिकारी एकाच छपराखाली बसू लागले, म्हणजे माणसाला दोन ठिकाणी रांग लावायला नको. 2,000 डॉलरच्या आतला माल नेणाऱ्या लहान व्यापाऱ्यांसाठी सोपा कागदही निघाला.

"आता काय अडणार?" असं म्हणून थोरलीने भाड्याच्या टेम्पोत पोती भरली.

नाक्यावर दोन तपासनीस होते. त्यांची टेबलं एकाच दालनात, समोरासमोर. युगांडाच्या तपासनीसाने पोत्याच्या तोंडाशी पोकळ सळई खुपसली, ओंजळभर दाणे काढले आणि यंत्रात घातले. ओलावा 13. विषाची चाचणी केली, ती आली 8. त्याने शिक्का मारला. थोरली तो कागद घेऊन समोरच्या टेबलाकडे वळली. केनियाच्या तपासनीसाने कागद वाचला, बाजूला ठेवला आणि पोतं आडवं करून बुडातून दाणे काढले. ओलावा 15. विष 12.

"हा माल आत जाणार नाही."

"अहो, पण आत्ताच तर यांनी शिक्का दिला!"

"त्यांनी काय पाहिलं ते त्यांना ठाऊक. मी जे पाहतो त्यावर मी सही करतो."

समोरच्या टेबलावरचा तपासनीस उठून उभा राहिला. "म्हणजे आमचं यंत्र खोटं का?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मग दुसरा अर्थ काय होतो?"

दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, म्हणूनच दोघेही हट्टाला पेटले. शेवटी नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे रवाना झाला आणि निकाल येईपर्यंत पोती नाक्याच्या आवारात उतरवली गेली.

इथे केनियाच्या तपासनीसाला दोष द्यायची घाई करू नये. 2004 मध्ये केनियाच्या माकुएनी आणि कितुई भागांत आणि आसपास बुरशी लागलेला मका खाऊन 317 माणसं आजारी पडली आणि त्यांतली 125 दगावली. लोकांनी आपल्याच गावात पिकवलेला, ओलसर जागी साठवलेला मका खाल्ला होता. अस्परजिलस नावाची बुरशी उबदार, दमट हवेत दाण्यावर वाढते आणि हे विष तयार करते. त्याला वास नाही, चव नाही. शिजवल्याने ते जात नाही. एकदम जास्त पोटात गेलं तर यकृत निकामी होतं, आणि थोडं थोडं जात राहिलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आपल्याकडे 1974 मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी खेड्यांत अशाच मक्याने शंभरावर माणसं मेली. ज्याने असल्या बातम्या ऐकल्या आहेत, त्याचा हात शिक्का मारताना थबकणारच, आणि थबकावाच. नियम चुकीचा नव्हता. विष खरं होतं.

पण पाऊसही खरा होता. आवारातली ताडपत्री आखूड पडली. रात्री खालच्या थरातली पोती भिजली, दिवसा ऊन तापलं आणि ताडपत्रीखाली वाफ कोंडली. बुरशी आहे की नाही हे कळावं म्हणून पोती थांबवली होती, आणि थांबल्या जागी त्यांना बुरशी धरत होती. चौथ्या दिवशी निकाल आला: 9. माल योग्य. पण हा निकाल होता चार दिवसांपूर्वी काढलेल्या दाण्यांचा. पोत्यांत आता काय होतं, त्याचा त्या कागदाला पत्ता नव्हता.

धाकटीने दुकानात पहिलं पोतं उसवलं तेव्हा कुबट वास आला. तिने कोपरापर्यंत हात घातला. तळाचे दाणे गरम लागले. मूठ उजेडात धरली तर बऱ्याच दाण्यांच्या टोकांना हिरवट झाक होती. शेजारी योग्यतेचा कागद पडलेला होता. तिने तो मका विकला नाही. थोरलीला त्या हंगामाचे पैसे मिळाले नाहीत.

पुढच्या हंगामात थोरलीने नाकाच टाळला. बुसियाच्या अंगाने शेतांतून, ओढ्यांतून जाणाऱ्या चोरवाटा आहेत, उंदरांच्या वाटा म्हणूनच त्या ओळखल्या जातात. पोरं सायकलींवर पोती लादून रात्रीची पलीकडे नेतात. त्या वाटेवर सळई नाही, यंत्र नाही, शिक्का नाही. चांगला मका जातो तसा वाईटही जातो. लोकांच्या ताटात विष पडू नये म्हणून ज्या देशाने एवढी दक्षता घेतली, त्याच देशाच्या बाजारात आता मुळीच न तपासलेला मका येऊ लागला. व्यापाराची चर्चा करणारी मोठी माणसं हे फार वेळा विसरतात. पुढचं दार अवघड केलं म्हणून माल येणं थांबत नाही. माल मागच्या दाराने येतो आणि तिथे पाहणारं कुणी नसतं.

धाकटीला हे कळलं तेव्हा ती तडक ताईकडे गेली.

"ताई, हे बरं नाही. कुणाच्या लेकराला काही झालं तर?"

"मग काय करू? सरळ वाटेने आणला तर कुजवतात."

"नियम आहे तो."

"नियम माझ्या देशातही तोच आहे! दहा म्हणजे दहा. तुमच्याकडे आठाचे बारा होतात, त्याला मी काय करू?"

"आणि तुमच्याकडे बाराचे आठ होतात त्याचं काय?"

थोरलीने चुलीकडे तोंड फिरवलं. धाकटी चहा न घेता निघून गेली. दोघींचा अबोला पुढे बरेच दिवस टिकला.

त्यातच 5 मार्च 2021 उजाडला. केनियाच्या कृषी आणि अन्न प्राधिकरणाने युगांडा आणि टांझानिया या दोन्ही देशांतून येणारा मका अफ्लाटॉक्सिनच्या कारणावरून बंद केला. सीमेवर मक्याचे ट्रक जागच्या जागी उभे राहिले. युगांडाचे शेतकरी हवालदिल झाले, केनियाच्या गिरण्यांना माल कमी पडण्याची धास्ती. काही दिवसांतच अटींवर बंदी सैल झाली. आयातदाराने नोंदणी करावी आणि मालासोबत विषाचं प्रमाण 10 च्या आत असल्याचा दाखला असावा, अशा त्या अटी होत्या. म्हणजे गाडं पुन्हा दाखल्यापाशीच येऊन उभं राहिलं. दाखला कुणाचा? आणि समोरच्याने तो का मानावा?

बहिणींची आई अजून हिंडतीफिरती होती. तिचं घर सीमेपासून हाकेच्या अंतरावर. लेकी बोलत नाहीत हे तिला सलत होतं. एका रविवारी तिने दोघींना निरोप धाडले, आणि एकीला दुसरी येणार आहे हे सांगितलं नाही. दोघी आल्या तेव्हा अंगणात थोरलीच्याच शेतातलं मक्याचं एक पोतं उभं होतं. शेजारी धुऊन उन्हात वाळवलेल्या दोन काचेच्या बाटल्या होत्या, आणि तव्यावर कोरडं करून घेतलेलं मीठ.

दाणा पुरेसा वाळला आहे की नाही, हे पाहायची ही त्या भागातली साधी रीत आहे. कोरड्या बाटलीत मका घालायचा, वर थोडं मीठ घालायचं, झाकण लावून चांगलं हलवायचं आणि पाव तास ठेवून द्यायचं. दाण्यात ओल जास्त असेल तर मीठ बाटलीच्या काचेला आतून चिकटून बसतं. दाणा वाळलेला असेल तर काच स्वच्छ राहते.

"दोघींनी या पोत्यातून एकेक ओंजळ घ्या," आई म्हणाली.

थोरलीने पोत्याच्या तोंडाशी हात घातला. धाकटीने आधी पोतं बाजूला सारलं आणि बुडाची शिवण थोडी उसवून तिथून ओंजळ भरली. दोघींनी आपापल्या बाटल्या हलवल्या. पाव तास कुणी कुणाशी बोललं नाही. मग आईने दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. थोरलीच्या बाटलीची काच लख्ख होती. धाकटीच्या बाटलीला आतून मिठाचा पांढरा थर धरला होता.

"पोतं एक. मग यांतली खोटी बाटली कोणती?"

"दोन्ही खऱ्या आहेत," धाकटी हळूच म्हणाली. "वरचा दाणा वाळलाय, खालच्याला जमिनीची ओल लागलीय."

"मग तुम्ही दोघी एकमेकींना खोटं का ठरवताय?"

आईने चटई अंथरायला लावली आणि सगळं पोतं तिच्यावर रिकामं करवलं. फावड्याने दाणे खालीवर केले. ढीग सपाट करून त्याचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले आणि दोन बाजूला लोटले. उरलेल्या दोनांचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, पुन्हा दोन बाजूला. असं करत करत शेवटी चार ओंजळी उरल्या. त्यांतल्या दोन एका बाटलीत गेल्या, दोन दुसरीत. या वेळी दोन्ही बाटल्यांना मीठ चिकटलं, आणि सारखंच चिकटलं.

"आधी ओंजळ कशी घ्यायची ते दोघींनी मिळून ठरवा," आई म्हणाली. "मग बाटली हिच्या घरची असो की तुझ्या, निकाल एकच येईल. आणि निकाल एकच येतो हे दोघींना पटलं, की दर खेपेला दोन बाटल्या कशाला हलवायच्या? एकीने हलवावी, दुसरीने मानावं. नियम लेकरांच्या ताटासाठी असतो गं. बहिणीला दारात उभं करायला नसतो."

गोष्टीचा बोध एवढाच आहे आणि तो म्हातारीने सांगून टाकला. तो अमलात आणायला गेल्यावर काय झालं, ते मात्र सांगायला हवं, कारण खरी मेहनत तिथेच पडली.

धाकटीच्या मनात एक शंका होती आणि ती रास्त होती. "आई, सगळ्यांचं एक करायच्या नादात नियमच ढिला झाला तर?" अशी भीती पुष्कळ देशांत पुष्कळांना वाटते. एकाच विषासाठी युरोपात तयार धान्याला 4 ची मर्यादा आहे, पूर्व आफ्रिकेत 10 ची आणि अमेरिकेत 20 ची. शेजाऱ्यांनी एकत्र बसून आकडा ठरवायचा म्हटलं तर मोठ्या आकड्याकडे ओढणारे निघतात, आणि आपला माल खपावा म्हणून लहान आकड्याचा आग्रह धरणारेही निघतात. दोन्ही बाजूंना सांगायला हवं की आकडा माणसाच्या यकृताकडे पाहून ठरवा, बाजाराकडे पाहून नव्हे. पूर्व आफ्रिकेने 10 चा आकडा ठरवला तो पुरेसा कडक होता. तो ढिला करायची मागणी थोरलीनेही कधी केली नव्हती.

आकड्याइतकीच यादीही सारखी लागते, हे आपल्या द्राक्ष बागायतदारांना वेगळं सांगायला नको. 2010 मध्ये युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले आणि माल अडला. आपल्याकडे निर्यातीआधी जी तपासणी व्हायची तिच्या यादीत हे द्रव्य नव्हतं. इथे सगळ्या चाचण्या पार केलेली पेटी तिथे नापास ठरली. बागायतदाराने वर्षभर केलेल्या कष्टांचं त्या एका फरकाने काय झालं, ते नाशिककडच्या घरांना ठाऊक आहे.

सोमवारी दोघी बहिणी मिळून नाक्यावर गेल्या आणि दोन्ही टेबलांच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी बाटल्यांची हकिकत सांगितली. केनियाचा तपासनीस ऐकून घेऊन म्हणाला, "मिठाने ओल कळते. विष कळत नाही."

"ते आम्हाला ठाऊक आहे," धाकटी म्हणाली. "पण तुमच्या यंत्रात जे दाणे जातात ते पोत्याच्या बुडाचे, आणि यांच्या यंत्रात जातात ते तोंडाचे. मग आकडे जुळतील कसे?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने जे सांगितलं ते बहिणींना नवीन होतं. विष पोतंभर सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि मोजके काही दाणे विषाने भरलेले. ते मोजके दाणे ओंजळीत आले तर आकडा भलताच चढतो, निसटले तर सगळं पोतं शुद्ध दिसतं. म्हणून पुष्कळ ठिकाणांहून दाणे काढायचे, सगळे एकत्र दळायचे आणि त्या पिठातून नमुना घ्यायचा. "पुस्तकात असंच लिहिलं आहे," तो म्हणाला.

"माझ्याही पुस्तकात तेच आहे," समोरून युगांडाचा तपासनीस म्हणाला.

मग ते होत का नव्हतं? कारण रांग लांब, सळई आखूड, आणि दळायला यंत्र नाही. यात कुणाचाही दुष्टपणा नव्हता. परस्परांचे दाखले न मानण्यामागे बहुतेक ठिकाणी एवढंच असतं, आणि वर्षानुवर्षं त्याला देशाभिमानाचं नाव दिलं जातं.

दोघांनी एक लांब सळई मिळवली, पोत्याच्या पार बुडापर्यंत पोचणारी. प्रत्येक पोत्यातून वरचे, मधले आणि तळचे दाणे काढायचे, चटईवर मिसळायचे, चार भाग करत कमी करायचे, दळायचे आणि पीठ अर्धं अर्धं वाटून घ्यायचं. पहिल्या दिवशी एकाचा आकडा 8 आला, दुसऱ्याचा 9. दुसऱ्या दिवशी दोघांचा 6. नंतर एका खेपेला पुन्हा फरक दिसला, तेव्हा आरोप झाले नाहीत. दोघांनी यंत्रं शेजारी ठेवली, एकच पीठ दोन्हींत घातलं आणि केनियाचं यंत्र किंचित सरकलं आहे असं निघालं. ते दुरुस्तीला गेलं. तोवर युगांडाचंच यंत्र दोघांनी वापरलं.

आणि मग एके दिवशी थोरलीचा माल आला. दोन्ही टेबलांवर आकडा आला 17.

तिने आधी केनियाच्या तपासनीसाकडे पाहिलं, मग स्वतःच्या देशाच्या. भांडायला तोंड उघडलं, पण भांडणार कुणाशी? दाणे तिच्या डोळ्यांदेखत काढले होते, तिच्याच हाताने मिसळले होते. पोती परत फिरली. तो मका माणसांना नाही, कोंबड्यांना आणि गुरांनाही घालायचा नाही, हे युगांडाच्या तपासनीसाने तिला दोनदा बजावलं. तिने तो खड्डा खणून पुरला. पुरताना तिचा नवरा एक शब्द बोलला नाही, पण शेजारीपाजारी जमून पाहत होते.

धाकटी त्या संध्याकाळी आली आणि राहिली. सकाळी दोघींनी अंगण पाहिलं. कणसं सोलून दाणे उघड्या मातीवर वाळत टाकायची थोरलीची जुनी पद्धत होती. पावसाळ्यात कापणी, जमिनीला ओल, आणि मातीतली बुरशी थेट दाण्याला. त्या हंगामापासून थोरलीने ताडपत्री घेतली, बांबूचा माच बांधून पोती वर ठेवली, आणि घरातल्या पोरींना हाताशी घेऊन डागी, तुटके, रंग उतरलेले दाणे निवडून टाकायला लागली. हे निवडणं कंटाळवाणं काम आहे, पण विष ज्या मोजक्या दाण्यांत असतं त्यांतले पुष्कळसे त्यात निघून जातात. जे शेजारी खड्ड्यापाशी उभे होते, त्यांच्या अंगणांतही ताडपत्र्या आल्या.

धाकटीने आपल्या बाजारात एक प्रश्न विचारला, आणि तो तिथल्या पुष्कळांना आवडला नाही. "बाहेरचा मका आपण तीन ठिकाणी सळई घालून तपासतो. आपल्या गावचा कोण तपासतं?" केनियाच्या तपासनीसाने तीच सळई बाजारातल्या केनियाच्या पोत्यांत घातली. काही पोती नापास झाली, आणि त्यांत धाकटीच्या दुकानातलंही एक होतं. ते जमिनीला टेकून ठेवलेलं होतं. तिने लाकडी फळ्या आणल्या आणि सगळा माल त्यांच्यावर चढवला. ज्या माकुएनीच्या दुःखामुळे हा नियम इतका कडक झाला, तिथला मका सीमेपलीकडून आला नव्हता, हे ती आता गिऱ्हाइकांनाही सांगू लागली.

हळूहळू नाक्यावरची रीत बदलली. युगांडाच्या टेबलावर माल तपासला जायचा आणि केनियाच्या टेबलावर तो कागद वाचून पुढे सोडला जायचा. अधूनमधून, कुणालाही आधी न सांगता, केनियाचा तपासनीस एखादं पोतं काढून स्वतः पाहायचा. आकडा जुळला की मान हलवायचा. केनियातून युगांडात जाणाऱ्या मालालाही हाच न्याय लागला. पोती एका दुपारीच पार होऊ लागली. आवारातली ताडपत्री तशीच घडी घालून कोपऱ्यात पडून राहिली. सायकलवाल्या पोरांतले काही जण आता नाक्यावर हमाली करू लागले, कारण रात्रीच्या चिखलापेक्षा दिवसाची मजुरी बरी आणि तिला जोखीमही नाही.

थोरलीची पुढच्या हंगामाची पहिली खेप धाकटीच्या दुकानासमोर उभी राहिली. धाकटीने मूठभर मका तळहातावर घेतला, एक दाणा दाताखाली फोडला. कट्‌कन आवाज आला.

"काय भाव?"

"किलोला मागच्यापेक्षा चार शिलिंग जास्त."

"चार? का म्हणून?"

"दाणा बघ की. एकन् एक निवडलाय. ताडपत्रीचे पैसे कुठून काढू?"

"दाणा बघितला, कागदही बघितला. पण गिऱ्हाईक मला काय म्हणेल? दोन देते."

"दोनात परवडत नाही. तीन."

टेम्पोवाल्याने हॉर्न दाबला. त्याला आणखी दोन ठिकाणी जायचं होतं.

"बरं, तीन," धाकटी म्हणाली. "पण पुढची खेप बाजाराच्या आदल्या दिवशी पोचव." आणि तिने माणसांना पोती उतरवून घ्यायला सांगितलं.